चोवीस फुटांची चोरी

१

धुळवडीच्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी धर्मशाळेसमोर येऊन उभी राहिले, तर तिथे फक्त पायऱ्या होत्या.

यात वावगं काय, असं कुणी विचारेल. कोकणातून घाटावर मीठ नेणारे बैलांचे तांडे तांबडेमाचीला मुक्काम करत, तेव्हापासून या धर्मशाळेला चार दगडी पायऱ्याच आहेत. पण आदल्या संध्याकाळी सहा वाजता त्या पायऱ्यांवर त्याच दिवशी जोडलेला लाकडी रॅम्प होता. लांबी चोवीस फूट, रुंदी चार फूट, ऐनाचं लाकूड, चार सुटे भाग, बहात्तर लोखंडी बोल्ट. बोल्ट मी स्वतः मोजले होते. दोनदा, कारण पहिल्यांदा एकाहत्तर भरले.

मी राजेंद्र सरांना फोन लावला. सर या दुरुस्तीचे वास्तुविशारद, महाडला राहतात.

"सर, रॅम्प नाही."

"नाही म्हणजे?"

"जिथे होता तिथे नाही. इतरत्र कुठेतरी असणार. वस्तू नाहीशी होत नाही, सर, फक्त जागा बदलते."

"सेजल, मला सकाळी सकाळी विज्ञान नको. उद्या अकराला समिती येतेय! काल निघताना काय काय केलंस ते सांग."

मी वही उघडून वाचून दाखवलं. पाच वाजता चुन्याचे हौद झाकले. सव्वापाचला रॅम्पचे रबरी पाय तपासले. साडेपाचला दाराच्या आतला कोनाडा झाडला, त्यातला जांभ्याचा खडा पिशवीत भरून चिठ्ठी लावली: नमुना क्रमांक एकोणीस, उगम अज्ञात. पावणेसहाला वरच्या घरातली बयाबाई अंगणात उभी होती, तिला नमस्कार केला. सहाला कुलूप लावून निघाले.

"म्हणजे रॅम्पला कुलूप नव्हतं."

"रॅम्पला कुलूप कसं लावणार, सर?"

पलीकडे गाडीच्या किल्ल्या वाजल्या. मग, "येतोय," एवढंच.

मी भूशास्त्राची पदवीधर. या कामावर माझ्याकडे दगड आणि चुना. जिथे जे वेगळं दिसेल ते पिशवीत भरायचं आणि क्रमांक टाकायचा, हे मला कॉलेजात शिकवलं आणि मी ते मनावर घेतलं.

पुरातत्त्व खात्याच्या समितीचं पत्र मला पाठ होतं. जुन्या पायऱ्या फोडायच्या नाहीत, दगडात एकही भोक पाडायचं नाही, तरीही चाकाच्या खुर्चीतला माणूस कुणाच्या मदतीशिवाय आत गेला पाहिजे. तीनशे किलोची भारचाचणी समितीसमोर झाली पाहिजे. हे जमलं तर रॅम्प राहील. नाहीतर धर्मशाळा पहिल्यासारखी, चार पायऱ्यांची.

आणि मग सुप्रियाची नेमणूकही रद्द.

सुप्रिया याच माचीची मुलगी. नऊ वर्षांची असताना कशेडी घाटात टेम्पो उलटला, तेव्हापासून तिचे पाय चालत नाहीत. पुढे पोलादपूरला मावशीकडे राहून ती इतिहासात बी.ए. झाली. या धर्मशाळेबद्दल तिला जेवढं ठाऊक आहे तेवढं सरांनाही नाही. येणाऱ्यांना माहिती सांगायला तिचीच निवड झाली होती, पण पत्राच्या शेवटी एक ओळ होती: 'स्मारकात स्वतंत्र प्रवेश शक्य असल्यास.'

साडेसातला ती तिच्या तीनचाकी स्कूटरवरून आली, खुर्चीत बसली आणि पायऱ्यांकडे बघत राहिली.

"तुला सांगते, सेजल, टेम्पो उलटल्यानंतर मी या धर्मशाळेत चार वेळा गेलेय. चारही वेळा कुणाच्या तरी खांद्यावरून. एकदा लग्नात तांदळाचं पोतं आधी न्यायचं की मला, यावर दोन मामांचं भांडण झालं."

"कोण आधी गेलं?"

"पोतं. त्याला जेवणाची घाई होती."

ती हसली, पण हात चाकांवर घट्ट होते. मी जमीन तपासली. रॅम्प ओढत नेल्याची एकही रेघ नव्हती. म्हणजे उचलून नेला. एका भागाचं वजन बेचाळीस किलो, तेव्हा एकट्याचं काम नव्हे. आणि होळीच्या रात्री माचीतली चौदाही घरं जागी होती.

चोवीस फूट लाकूड गावासमोरून गेलं होतं, आणि गावानं काही पाहिलं नव्हतं.

२

कोकणात होळीसाठी लाकूड चोरणं ही चोरी धरत नाहीत. उलट ज्याचं जातं त्याने हसून सोडून द्यायचं, असा रिवाज. होमात पडलेलं लाकूड परत मागत नाहीत. त्यामुळे नऊ वाजता पोचलेल्या सरांनी गाडीतून उतरायच्या आधीच निकाल दिला.

"जाळला! पोरांनी जाळला! आठ महिन्यांची मेहनत!"

होळीच्या मंडळाचा पुढारी ओम. तो मुंबईला कुरिअर कंपनीत आहे, शिमग्याला रजा काढून येतो. त्याच्या तोंडावर अजून राख होती.

"मॅडम, टेन्शन नका घेऊ. आपण लिस्ट देतो ना." त्याने बोटं मोजायला घेतली. "सयाजीबुवांचा मोडका दरवाजा. गोमाजी आजोबांचा जुना नांगर. सुनील मिस्त्रीचे सहा बांबू. बस, खल्लास. तुमच्या लाकडाला हात नाय लावला. कसम."

"का नाही लावला?" सरांनी विचारलं. "तयार, सुकलेलं लाकूड समोर होतं की."

"सर, ते सुप्रियाताईचं हाय." ओमचा चेहरा उतरला. "होळीत काय पण चोरतात, पण कुणाचे पाय नाय चोरत."

सरांना हे पटलं नाही. मला पटलं, पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. माझ्याकडे वाळूतले लोखंडाचे कण वेगळे करायचा एक चांगला लोहचुंबक आहे. लाकूड जळतं, बोल्ट जळत नाहीत. मी चुंबकाला दोरी बांधली आणि होळीची गार झालेली राख पट्ट्यापट्ट्याने विंचरायला सुरुवात केली. चाळीस मिनिटं लागली. तोवर गाव गोळा झालं.

"बाय काय शोधते गो?" एका बाईने विचारलं.

"होळीत हरवलेलं शोधते," दुसरी म्हणाली. "नशीब असंल."

शेवटी मी यादी वाचली. खिळे एकतीस. दाराच्या बिजागऱ्या दोन. नांगराचा फाळ एक. सुनील मिस्त्री पंधरा दिवस शोधत होता ती थापी एक, मूठ जळालेली. बोल्ट शून्य.

"बहात्तर बोल्ट लावलेला रॅम्प जळाला असता, तर बहात्तर बोल्ट इथे असते," मी म्हणाले. "ओम निर्दोष आहे."

ओमने दोन्ही हात जोडून गावाला दाखवले. पाठीमागून सुनील मिस्त्रीचा आवाज आला.

"आणि माझी थापी कोणी टाकली होळीत?"

ओम निघूनच गेला.

३

मग सरांनी ओट्यावर उभं राहून भाषण केलं. ती चूक होती, पण ती कळायला आम्हाला दुपार झाली.

"रॅम्प कोणी चोरला ते आत्ता सांगा!" सर म्हणाले. "नाहीतर मी पोलिसांत जाणार. ज्याने कोणी हे केलंय, त्याची नोकरी असेल तर नोकरी जाईल!"

हे ऐकल्यावर गावातले सगळे लोक एकदम माझ्याकडे का बघायला लागले, हे मला कळेना. मी वहीत नोंद केली आणि एकेकाला गाठलं.

सुनील मिस्त्री बिरवाडीहून मोटरसायकलने येतो. लाकडी रॅम्पवर त्याचा पहिल्यापासून राग.

"काँक्रीट ओतून देतो म्हणालो होतो, एका दिवसात. तर म्हणे दगडाला लागेल. दगडाला काय लागतं, मॅडम? तो दगड आहे."

"काल रात्री कुठे होतात?"

"बिरवाडीला, झोपलेलो. बारा भाडेकरू आहेत चाळीत, विचारा. आणि चार भाग मी मोटरसायकलवरून नेले असते? सर्कस आहे का?"

"मग कोणी नेले असतील?"

"चोर येडा असणार. नेऊन करणार काय? माझं विचाराल तर एक फळी टाकली तरी हत्ती चढतो. तुमचं आपलं चोवीस फूट!"

दुसरा गोमाजी. पासष्टीचा, धर्मशाळेशेजारचं घर त्याचं. महिनाभर तो माझ्याशी धड बोलत नव्हता. आजही त्याने पाठ फिरवली.

"आजोबा, रॅम्पबद्दल काही माहीत आहे?"

"आधी माझं द्या. मग इचारा."

"तुमचं काय द्यायचंय?"

"ते तुमाला ठाव."

मी आठवून पाहिलं. त्याच्या घरून आलेला कुळथाच्या पिठल्याचा डबा मी धुऊन परत केला होता. मागच्या महिन्यात आमची शिडी दोन दिवस गायब झाली होती, त्याबद्दल मी त्याला विचारलं होतं खरं. पण शिडी तिसऱ्या दिवशी जागेवर आली होती, तीही स्वच्छ धुतलेली. तेव्हा मी वहीत लिहिलं होतं: शिडी, बहुधा सुनीलचा विसरभोळेपणा. यात गोमाजीचं काय देणं निघत होतं?

तिसरे सयाजीबुवा, गावकीचे म्होरके. सर माझ्या शेजारीच उभे होते.

"साहेब, उतार कुणी चोरला नाय," बुवा ठासून म्हणाले. "आमच्या माचीत चोर नाय."

"मग गेला कुठे?"

"आता ते आमी कसं सांगणार?" असं म्हणून बुवांनी माझ्याकडे बघून डोळा मारला.

मी वहीत लिहिलं: उजवा डोळा, एकदा. मोतीबिंदू?

बाकी घरांतही तीच गत. "चोरला नाय कुणी." "आमी चोर बघितला नाय." बोलताना सगळ्यांचे आवाज जरा मोठे, सरांना ऐकू जावेत असे. एका काकूंनी तर निघताना माझा दंड दाबला आणि कानात म्हणाल्या, "घाबरू नको गो. आमी हाव ना."

कशाला घाबरू नको?

मी वही मिटून गोंधळलेली उभी होते, तेवढ्यात डांबरी रस्त्याकडून सुप्रियाची हाक आली.

"सेजल! इकडे ये. आणि पळत येऊ नकोस, खुणा पुसशील!"

४

माचीचा डांबरी रस्ता धर्मशाळेपासून साठ मीटरवर संपतो. कडेला गटार, पलीकडे धूळ. सुप्रियाने खुर्ची लांबच थांबवली होती.

"ते बघ. गटारात."

गटारात दोन खोलगट खळगे होते, जाड टायरच्या नक्षीचे. एखाद्या पिकअपची मागची चाकं मुद्दाम गटारात उतरवलेली. तिथून पुढे धुळीत चौकोनी ठसे, जोडीजोडीने. मी गुडघ्यावर बसले. ठशात बारीक उभ्या रेघा होत्या. रॅम्पच्या पायांना लावलेलं रबर मीच निवडलं होतं. त्यावर अशाच रेघा होत्या.

"रॅम्प इथे लावला होता," मी म्हणाले. गटारापासून शेवटच्या ठशापर्यंत टेप धरली. "चोवीस फूट एक इंच."

"आणि त्याच्या टोकाशी?"

टोकाशी खूर उमटलेले. तीन स्वच्छ. चौथा, मागचा डावा, फक्त टोकाने टेकलेला आणि पुढे फरपटलेला. बाजूला शेण.

"सहा ते आठ तासांपूर्वीचं," मी सांगितलं.

"वासावरून?"

"वर धरलेल्या पापुद्र्यावरून. म्हणजे पहाटे."

"बरं झालं. मला वाटलं आता चाखतेस." तिने खुर्ची अर्धी वळवली. "आता मला सांग, गाडीची चाकं गटारात का घातली?"

मी विचार केला. पिकअपचा हौदा जमिनीपासून पावणेतीन फूट. आमचा रॅम्प धर्मशाळेच्या जोत्यासाठी बनवलेला, दोन फुटांचा.

"हौदा पाऊण फूट खाली आणायला! म्हणजे उंची जुळवायला."

"बरोबर. कोणीतरी लंगडं जनावर गाडीत चढवलं. पण आख्खा रॅम्प कशाला लावला? जनावर चढवायला लोक दोन फळ्या टाकतात. सुनील मिस्त्री काय म्हणाला?"

"एका फळीवर हत्ती चढतो."

"मग तो नव्हे. चारही भाग उचलून आणून, उंची जुळवून, पूर्ण चोवीस फूट लावणारा माणूस कोण? एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हा हिशेब ज्याला ठाऊक आहे तो."

तो हिशेब मीच गावाला समजावला होता. दोन महिन्यांपूर्वी शाळेत, फळ्यावर आकृती काढून, पाऊण तास. चढ जेवढा लांबवाल तेवढा चढणाऱ्याचा त्रास कमी, वगैरे. दहाव्या मिनिटाला सयाजीबुवा घोरायला लागले होते. विसाव्याला बाकीचे. पहिल्या रांगेत एकच बाई ताठ बसून शेवटपर्यंत ऐकत होती, आणि तिने प्रश्नही विचारला होता: "म्हंजे घाई नाय केली तर कुनीबी चढतं?"

"बयाबाई," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

बयाबाईचं घर वरच्या अंगाला. दाराला कुलूप होतं. गोठा उघडा होता आणि त्यात चंद्री म्हैस नव्हती.

पण एक गोष्ट जुळेना. चार माणसं लागणार होती, एक गाडी लागणार होती, सारं गाव जागं होतं. म्हणजे हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग पोलिसांची धमकी मिळूनही चौदा घरं एका म्हशीसाठी तोंड मिटून का बसली होती?

५

सयाजीबुवा अंगणात सुपारी कातरत होते. आम्हाला बघून त्यांनी आधी मागे पाहिलं.

"सायब हाय का?"

"ते चुन्याचे हौद बघतायत."

"मग आता मोकळं बोलूया." बुवांनी अडकित्ता खाली ठेवला आणि मांडीवर थाप मारली. "काय पन नाटक केलंत बाय! 'रॅम्प कुठे आहे?' राखेत काय शोधलंत, वहीत काय लिवलंत! आमची सून म्हनली, ही नमनाला उभी राहिली तर आपलं शिमग्याचं नाटक मुंबईपरेंत जाईल."

"कसलं नाटक?"

"आता माझ्याशी पन?" बुवा हसले. "उतार तुमीच तर दिलात बयाबाईला."

"मी?"

"मंग! तिनं कोनाड्यात खडा ठेवला. तुमी उचललात. ती अंगनात उभं राहून बघत व्हती, तुमी तिला नमस्कार पन केलात."

सुप्रियाने दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

"सेजल," ती हळूच म्हणाली, "तू कोनाड्यातला खडा उचललास?"

"नमुना क्रमांक एकोणीस," मी म्हणाले. माझा आवाज बारीक झाला होता.

मग मला सगळं सांगण्यात आलं. गावकीच्या कढया, पातेली, सतरंज्या पिढ्यानपिढ्या धर्मशाळेत असायच्या. ज्याला काही न्यायचं असेल त्याने आपल्या घरचा खडा कोनाड्यात ठेवायचा. चौदा घरांचे चौदा खडे, वेगवेगळे. धर्मशाळा ज्याच्या हाती, त्याने खडा उचलून स्वतःजवळ ठेवला की वस्तू दिली. वस्तू धुऊन परत आली की खडा परत. दुरुस्ती सुरू झाली तेव्हा भांडी शाळेत गेली आणि किल्ली माझ्याकडे आली. माझ्या मते किल्लीच आली होती. गावाच्या मते कोनाडाही आला होता.

"आमी नुस्ता खडा कनवटीला लावायचो," बुवा कौतुकानं म्हणाले. "तुमी पिशवीत घालून वर चिठ्ठी चिकटवली. म्हनलं, शिकलेलं मानूस, पक्कं काम."

"मग मी चोर कोण म्हणून विचारत होते तेव्हा?"

"चोर कुनी नव्हताच. आमी खोटं कुठं बोललो? पन सायब ओरडला ना, नोकरी जाईल म्हणून. मंग आमी समजलो. बायनं सायबाला न इचारता उतार दिला आणि आता घाबरली. गावानं ठरवलं, पोलीस आला तरी बायला उघडं पाडायचं नाय."

सकाळपासून मी ज्यांच्यावर संशय घेत होते, ते सगळे मलाच लपवत होते.

"काल कोनाड्यात खडा दिसला असता तर मी सकाळी साडेसातलाच सांगितलं असतं," सुप्रिया म्हणाली. "बयाबाईचा खडा तांबडा, मला ठाऊक आहे. पण कोनाडा दाराच्या आत आहे. चार पायऱ्या चढून."

तिने चाकांकडे बघितलं. मग मान वर करून म्हणाली, "आणि शिडी कोणी नेली होती?"

मी पिशव्यांची यादी काढली. नमुना क्रमांक अकरा, हिरवट, गुळगुळीत, कोनाड्यात सापडलेला. बुवांनी चिठ्ठीवरचं काहीच न वाचता पिशवी उजेडात धरली.

"ह्यो गोमाजीचा. शिडी धुऊन दिली त्यानं, तुमी खडा परत दिला नाय. महिनाभर बिचाऱ्याला गावकीची कढई मागता येईना."

आता प्रश्न एकच उरला होता: रॅम्प आहे कुठे? पिकअपवाल्या मुरारीचा नंबर बुवांकडे होता. तिसऱ्यांदा फोन लागला.

"म्हैस पोलादपूरला, गुरांच्या दवाखान्यात," मुरारी म्हणाला. "खुरात खिळा घुसलेला, काढला. आजची रात्र ठेवायला सांगितली हाय."

"आणि रॅम्प?"

"इथंच हाय की. गाडीतून उतरवायला नको काय?"

"मुरारीदादा, तो घेऊन आत्ताच्या आत्ता वर या!"

"मी येतो हो. पन बयाबाई त्याच्यावर बसल्यात. चंद्रीशिवाय उतार हलनार नाय म्हनतात. मॅडमनी दिलाय, म्हनतात."

६

सरांना मी सगळं सांगितलं. ते तिसऱ्या पायरीवर बसले.

"म्हणजे चोर तू."

"चोर नाही, सर. मंजुरी देणारी."

ते जे काही बोलले ते मी लिहून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला रस्ता मोकळा होता. सरांनी भारचाचणीसाठी पन्नास-पन्नास किलोची सहा वाळूची पोती रचून ठेवली होती, पण ती ठेवायची कशावर? सुप्रिया इस्त्रीची साडी नेसून पायऱ्यांसमोर बसली होती. ओमने विचारलं, "ताई, नायच आला तर आपण उचलू ना तुला. मस्त, पालखीसारखं."

"ओम," ती म्हणाली, "आजचा दिवस मला उचलायचं नाव काढू नकोस."

दहा पंचावन्नला खालच्या वळणावर हॉर्न वाजला. मुरारीची पिकअप वर आली. हौद्यात चंद्री, मागच्या पायाला पांढरं बँडेज, दोन्ही बाजूंना रॅम्पचे दोन-दोन भाग उभे, कठड्यासारखे. आणि अगदी मागोमाग, उमरठपासून ओलांडायला जागा न मिळालेली, समितीची पांढरी गाडी.

"आला!" सर ओरडले. "थांब, आधी रॅम्प इकडे..."

पण मुरारीने कालच्याच सवयीने मागची चाकं गटारात उतरवली. ओम आणि त्याच्या मंडळाने चार भाग उतरवून चार मिनिटांत जोडले. समितीच्या अध्यक्षबाई आणि दोन साहेब गाडीतून उतरून बघत होते. बयाबाईने चंद्रीच्या मानेवर हात ठेवला.

"चल गो. घाई नाय करायची. बाराला एक हाय."

चंद्री निघाली. एक पाय, दुसरा पाय, दुखरा पाय अलगद. लाकूड एकदाही करकरलं नाही. मधोमध थांबून तिने आजूबाजूला बघितलं, जशी काही पाहणी तीच करत होती. मग सावकाश खाली आली.

"हे काय चाललंय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

सर वाळूच्या पोत्यांकडे बोट दाखवत राहिले. सुप्रियाने खुर्ची पुढे घेतली.

"भारचाचणी, मॅडम. आपल्या पत्रात तीनशे किलो लिहिलंय. आम्ही जरा जास्तच घेतली."

"जास्त म्हणजे किती?" एका साहेबांनी पेन काढलं. "वजन कशावरून धरायचं?"

बयाबाईने कमरेची पिशवी सोडून दवाखान्याचा कागद काढला. औषध वजनावर देतात, म्हणून वजन लिहिलेलं होतं. चारशे साठ किलो.

साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि उतरवून घेतलं.

रॅम्प लगेच पायऱ्यांवर लागला असता, पण बयाबाईने सगळ्यांना थांबवलं. घेतलेली वस्तू धुतल्याशिवाय परत द्यायची नाही. समिती उन्हात उभी राहिली आणि बयाबाईने चोवीस फूट लाकूड घासून धुतलं. अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी तो पुन्हा आपल्या जागी होता. मी बोल्ट मोजले. बहात्तर.

सुप्रिया खाली येऊन थांबली. मी घड्याळ धरलं होतं. तिने चाकांना हात घातला आणि निघाली. बाराव्या फुटाशी ती श्वास घ्यायला थांबली. ओमचा हात आपोआप पुढे गेला, तो बयाबाईने मागे खेचला. चोवीस फूट, अठ्ठावन्न सेकंद. मग तिची चाकं दगडी उंबऱ्याशी लावलेल्या पट्टीवरून आत गेली.

ती पहिल्यांदा गेली ती कोनाड्याकडे. खुर्चीत बसून तो बरोबर तिच्या डोळ्यांसमोर येत होता.

"दे बाई ते नमुने," ती म्हणाली.

मी दोन पिशव्या दिल्या. बयाबाईला तांबडा खडा मिळाला, गोमाजीला हिरवा. गोमाजी आजोबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि महिन्याभरात पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलले. "चिठ्ठी पन द्या. राहू दे."

"आता कोनाडा सुप्रिया बघेल," सयाजीबुवांनी जाहीर केलं. "बाय हुशार हाय, पन ती पिशवीत भरते."

समितीचे लोक कमानी बघत होते. दुसरे साहेब कपाळाला आठ्या घालून म्हणाले, तसं ठीक आहे, पण लाकडी रॅम्प कायमचा ठेवायचा की नाही, यावर महाडला बसून विचार करावा लागेल. सुप्रियाच्या चेहऱ्यावरचं हसू जरासं मावळलं. तिने पदराची गाठ सोडली. आतून एक पांढरी, धारदार गारगोटी निघाली.

"आमच्या घरचा," ती मला म्हणाली. "आजवर बाबा ठेवायचे. मला कधी स्वतःहून वर येताच आलं नाही."

"काय मागतेस?"

"उतार. इथेच, कायमचा."

तिने खडा कोनाड्यात ठेवला. मग तिच्या लक्षात आलं, आणि माझ्याही. कोनाडा तिच्याच हाती होता. स्वतः ठेवलेला खडा तिने स्वतः उचलून कसं चालेल?

आम्ही एकमेकींकडे बघत होतो, तेवढ्यात अध्यक्षबाई फिरत फिरत तिथे आल्या. कोनाड्यात वाकल्या. गारगोटी उचलून उन्हात धरली, तेव्हा ती लखकन चमकली.

"अय्या, किती सुंदर दगड आहे!" बाई म्हणाल्या. "आठवण म्हणून मी नेऊ का?"

बाहेर उभ्या असलेल्या चौदा घरांनी माना आत घातल्या. सयाजीबुवांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. उजवाच, एकदा.

"न्या की!" सगळं गाव एका सुरात ओरडलं.

बाई दचकल्या, हसल्या आणि गारगोटी पर्समध्ये टाकून त्यांनी पर्सची चेन लावली.

मंजुरीचं सरकारी पत्र तीन आठवड्यांनी आलं. सरांनी ते काचेच्या चौकटीत लावून घेतलं. माचीत मात्र ते कुणी वाचायलाही आलं नाही.